उत्तर जुळतं पण गणित येत नाही: मी यातच एक अख्खं वर्ष घालवलंय

तुझी पोस्ट दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं की माझीच जुनी वही कुणीतरी टाइप करून टाकलीय. तू स्टॅट्सच्या (संख्याशास्त्राच्या) पहिल्या पेपरसाठी दोनशेच्या वर गणितं सोडवली, मागची उत्तरं बघितली तर बहुतेक जुळतात, आणि टेस्टला बसलं की २० पैकी ६. आणि वर तू विचारतोयस काय, तर 'प्रॉबॅबिलिटीची अजून प्रॅक्टिसची गणितं कुठे मिळतील?' अजून गणितं नकोच आहेत तुला. आहेत त्या दोनशेतली पंचवीस पुरतील, फक्त उत्तरांची पानं फाडून कुणाकडे तरी ठेवायला दे.

(एकदम अरे-तुरेवर आले, वयाने बरीच मोठी आहे म्हणून चालवून घे. मी शिक्षिका नाही, संख्याशास्त्रातली पदवीही नाही माझ्याकडे, कामात रोज आकडे बघते आणि अधूनमधून ज्युनिअर मुलांना या पेपरसाठी मदत करते, तेवढ्या जोरावर बोलतेय. तुझे सर काही वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐक, पेपर तेच तपासणार आहेत.)

फॉर्म्युले, सँपल स्पेस (शक्य असलेल्या सगळ्या निकालांची यादी), परम्युटेशन (क्रम धरून मोजणं) कधी नि कॉम्बिनेशन (क्रम सोडून मोजणं) कधी, हे सगळं तुला येत असणार असं धरून चालते. घोळ तिथे नसतोच. आता माझा घोळ सांगते.

पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू, परत न टाकता दोन काढले, एक लाल एक निळा येण्याची शक्यता किती? हे गणित तू सोडवलं असशीलच, नसेल असं पुस्तक नाही. मी केलं ५/८ गुणिले ३/७, आलं १५/५६. मागे बघितलं तर १५/२८. म्हणजे बरोबर दुप्पट. आता इथे शहाण्या माणसाने थांबून विचारायला हवं होतं की दुप्पट का. मी काय केलं, पेन्सिलने पुढे 'गुणिले २' लिहिलं, उत्तर जुळलं, शेजारी बरोबरची खूण, पुढचं गणित. आणि समासात लाल पेनने चौकट करून लिहून ठेवलं: 'दोन रंग आले की २ ने गुणा'. ती चौकट मला अजून डोळ्यासमोर दिसते. इतकी सुबक चौकट मी आयुष्यात दुसरी काढली नाही.

तर हा माझा स्वतःचा सिद्धांत घेऊन मी परीक्षेला गेले. तिथे आलं: तीच पिशवी, तेच चेंडू, पण तीन काढले, दोन लाल एक निळा येण्याची शक्यता काढा. मी मोठ्या आत्मविश्वासाने ५/८ गुणिले ४/७ गुणिले ३/६, म्हणजे ५/२८, रंग दोन आहेत म्हणून गुणिले २, उत्तर ५/१४. चूक. गुणिले ३ हवं होतं, कारण निळा पहिला येईल, मधे येईल किंवा शेवटी येईल, असे तीन क्रम आहेत आणि तिन्हींची शक्यता सारखीच, ५/२८. उत्तर १५/२८. हो, योगायोगाने दोन चेंडूंच्या गणिताचंच उत्तर! म्हणजे मी नुसतं जुनं उत्तर आठवून लिहिलं असतं तरी मार्क मिळाले असते, पण 'समजून' सोडवायला गेले ना.

त्याच पेपरात पुढचा उपप्रश्न होता की पहिला लाल आणि दुसरा निळा येण्याची शक्यता काय. इथे क्रम दिलेलाच आहे, गुणायचं काहीच नाही, साधं १५/५६. तिथेही मी २ ने गुणलं. रंग दोन होते ना. एका चौकटीने दोन प्रश्न खाल्ले, त्यावर अवलंबून असलेले आणखी दोन गेले, आणि चार मार्कांनी पेपर राहिला. चार मार्क! एक वर्ष त्या चार मार्कांसाठी परत.

मी चुकीचा गुणाकार केला म्हणून हे झालं असं तेव्हा वाटायचं, आता तसं वाटत नाही. उत्तर समोर दिसत असताना आपण गणित सोडवत नसतो, उत्तरापर्यंत जायची वाट शोधत असतो, आणि प्रॉबॅबिलिटीत तशी वाट नेहमी सापडते, कारण आकडे छोटे असतात आणि २ ने गुणणं, १ मधून वजा करणं, फॅक्टोरिअलने (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराने) भागणं असे चार-पाच डाव फिरवले की काहीतरी बसतंच. इतर गणितात असं उत्तर बसवणं जड जातं. इथे ते फार सोपं आहे आणि आपल्याला कळतही नाही की आपण लबाडी करतोय. तुझ्या पोस्टमध्ये तू लिहिलंयस ना, 'पहिल्या प्रयत्नात नाही आलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात जुळतं', तिथेच मला कळलं.

मला कसं सुटलं ते सांगते. कुणी शिकवून नाही. पेपर राहिल्यावर चिडून आठ चिठ्ठ्या केल्या, पाचांवर 'ला' आणि तिघांवर 'नि', आणि तीन-तीन काढत बसले. प्रत्येक वेळी काय आलं ते त्याच क्रमाने लिहायचं, चिठ्ठ्या परत टाकायच्या, हलवायच्या. शंभर वेळा केलं, दीड-दोन तास गेले. दोन लाल एक निळा ५६ वेळा आलं. माझं ५/१४ म्हणजे शंभरात ३६ च्या आसपास यायला हवं होतं, १५/२८ म्हणजे ५४ च्या आसपास. आणि खरी गंमत आकड्यात नव्हतीच, लिहिलेल्या यादीत होती: लालानि, लानिला, निलाला, पुन्हा लानिला... ते तीन शब्द पानभर डोळ्यांसमोर नाचत होते. गुणिले ३ तिथे बसलेलं होतं. क्रम मोजायचे असतात, रंग नाही, हे मला त्या पानाने शिकवलं.

आता हे शंभर वेळा चिठ्ठ्या काढणं प्रत्येक गणिताला कर असं म्हणत नाहीये, वेड लागेल. स्प्रेडशीटमध्ये रँडम आकडे घेऊन हजार ओळी दोन मिनिटांत होतात. पण एक लक्षात ठेव, जवळजवळच्या उत्तरांत हे चालत नाही. फाशांचं जुनं गणित आहे: एक फासा ४ वेळा टाकून निदान एकदा ६ येणं आणि दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्ही ६ येणं, दोन्हींची शक्यता सारखीच का? वरवर वाटतं हो, कारण ४/६ आणि २४/३६ एकच. पण पहिलं ०.५१७७ येतं आणि दुसरं ०.४९१४. म्हणजे एक निम्म्याच्या वर, एक खाली. हजार ओळींच्या सिम्युलेशनमध्ये ०.४९१४ आणि ०.५ यातला फरक तुला खात्रीने दिसणारच नाही. तिथे कागदावरच यावं लागतं, 'एकदाही न येण्याची' शक्यता काढून १ मधून वजा करत. दे मेरे नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाला हाच फरक खटकत होता म्हणतात. पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांचा १६५४ चा प्रसिद्ध पत्रव्यवहार अशाच प्रश्नांवरून झाला.

आणि स्वतःला मूर्ख समजत असशील तर हे ऐक. दोन फाशांत बेरीज ११ आणि १२ येण्याची शक्यता सारखीच, असं लायब्निट्झने लिहून ठेवलंय. कॅल्क्युलसवाला तोच लायब्निट्झ. ११ दोन प्रकारे येते (५-६ आणि ६-५), १२ एकाच प्रकारे. द'आलंबेर या फ्रेंच गणितज्ञाने तर १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा यायची शक्यता २/३, का, तर पहिल्याच वेळी छापा आला की खेळ संपला, म्हणजे शक्यता तीनच: छापा, काटा-छापा, काटा-काटा. बरोबर उत्तर ३/४. तीन शक्यता आहेत हे त्याचं खरंच आहे, पण त्या सारख्या वजनाच्या नाहीत. बघ, हीच माझी चौकट, फक्त जरा मोठ्या माणसाच्या वहीत. ज्युनिअर मुलांना मी हे गणित म्हणूनच देते: 'द'आलंबेरची चूक एका वाक्यात लिहा'. उत्तर जुळवायला आकडाच नाही, मग नाइलाजाने विचार करतात.

आता मी काय करते आणि मुलांकडून काय करून घेते. आकड्याला हात लावायच्या आधी एक पूर्ण मराठी वाक्य लिहायचं की मी नक्की कशाची शक्यता काढतेय आणि त्यात क्रमाला अर्थ आहे का. मग अंदाज लिहायचा, निम्म्याच्या वर की खाली, एवढा ढोबळ चालेल. मग सोडवायचं. मग ताळा, पण पुस्तकाच्या उत्तराशी नाही, दुसऱ्या रस्त्याने. वरचं तीन चेंडूंचं गणित कॉम्बिनेशनने केलं तर १० गुणिले ३ भागिले ५६, म्हणजे ३०/५६, म्हणजे १५/२८. दोन रस्ते एका ठिकाणी आले की मगच मागचं पान. आणि तरीही नाही जुळलं तर त्याच दिवशी परत सोडवायचं नाही, दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर. हा नियम फार जाचतो, मला माहितीय, पण माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याच एका नियमाचा होतो. (पुस्तकातलं उत्तरच चुकीचं असतं कधीकधी, ते वेगळंच.)

दुसरं, धड्यावार सोडवू नकोस. बायनॉमियलच्या (तीच कृती पुन्हा पुन्हा केली तर किती वेळा यश येईल, याच्या) धड्याखालचं गणित बायनॉमियलचंच असणार हे वाचायच्या आधीच कळलेलं असतं, आणि परीक्षेत नेमकं तेच कुणी सांगत नाही. पंचवीस गणितं वेगवेगळ्या धड्यांतून कापून घे, एका डब्यात टाक, डोळे मिटून काढ. पहिले चार दिवस भयानक जातील.

कंडिशनलसाठी, म्हणजे 'एक गोष्ट कळली असताना दुसरीची शक्यता' यासाठी, फॉर्म्युल्याच्या आधी माणसं मोजायला शिक. आजार १ टक्का लोकांना, आजारी माणसाची टेस्ट ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह, निरोग्याची ९ टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह. हजार माणसं घे. १० आजारी, त्यातले ९ पॉझिटिव्ह. ९९० निरोगी, त्यातले साधारण ८९ पॉझिटिव्ह. म्हणजे ९८ पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी ९, जेमतेम ९ टक्के. इथे बहुतेक जण ९० टक्के लिहून मोकळे होतात, कारण 'आजार असताना पॉझिटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह असताना आजार' ही दोन वाक्यं त्यांनी वेगळी लिहिलेलीच नसतात. बेझचा फॉर्म्युला (पहिल्या वाक्याच्या शक्यतेवरून दुसऱ्याची काढायचा) हेच करतो, फक्त माणसं न दाखवता.

थोडं विषय सोडून, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या वेळच्या पेपरात व्हेरिअन्सचं (आकडे किती पसरलेत याच्या मापाचं) एक गणित होतं, ४, ८, ६, ५, ७, 'या सँपलवरून पॉप्युलेशनच्या व्हेरिअन्सचा अंदाज काढा', म्हणजे हातातल्या नमुन्यावरून सगळ्या समूहाचा. सरासरी ६, सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०. मी ४ ने भागून २.५ लिहिलं, आणि मार्क शून्य. फेरतपासणीला अर्ज केला, तर परीक्षेच्या कार्यालयातून तीन आठवड्यांनी एक ओळ आली, 'आदर्श उत्तराशी जुळत नाही'. आदर्श उत्तर होतं २, म्हणजे ५ ने भागलेलं. प्रत्यक्ष गेले, खिडकीवर सांगितलं की सँपलवरून अंदाज काढताना एन (म्हणजे एकूण किती आकडे ते) वजा १ ने भागतात, तुमच्याच अभ्यासक्रमाच्या पुस्तकात आहे, तर म्हणे 'मॅडम, आम्ही फक्त बेरीज तपासतो'. बरोबरच आहे म्हणा, बेरीज १० च होती. पास झाले होते म्हणून सोडून दिलं. तू मात्र कॅल्क्युलेटरवरची दोन बटणं ओळखून ठेव, एक एनने भागतं आणि दुसरं एन वजा १ ने. सॉफ्टवेअरमध्येही तोच घोळ, 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर आपणहून एन वजा १ ने भागतं आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं नमपाय एनने, त्यामुळे मित्राचं उत्तर वेगळं आलं की लगेच कुणी चुकलं असं नसतं. आणि पेपरात एक ओळ लिहून ठेव की मी कशाने आणि का भागलं. माझ्या बाबतीत त्याचा उपयोग झाला नसता, पण तुझा तपासणारा वाचणारा असू शकतो.

आणि हो, मधल्या पायऱ्यांत दोन दशांश स्थळांवर आकडे कापू नकोस, अपूर्णांक शेवटपर्यंत तसेच ठेव. नाहीतर दे मेरेच्या फाशांसारख्या गणितात फरकच पुसला जातो.

तू गणितं मागितली होतीस, तर दोन देते. दोन फासे टाकले. एक: पहिल्या फाशावर ६ आलाय असं कळलं, तर दोन्हींवर ६ असण्याची शक्यता किती? दोन: निदान एका फाशावर ६ आहे एवढंच कळलं, तर दोन्हींवर ६ असण्याची शक्यता किती? उत्तरं वेगळी आहेत, आणि ती मी मुद्दाम देत नाहीये. आधी दोन्हींची वाक्यं लिहून इथे खाली टाक. आकडा टाकलास तर बघणार नाही.