कोकणकड्याखाली हिमनदी होती का?

प्रश्न : उत्तर वेल्समध्ये ‘ही दरी हिमनदीने कोरली’ असे फलक पाहिले. तिथला सर्वोच्च डोंगर स्नोडन १०८५ मीटरचा, आपलं कळसूबाई १६४६. एवढ्याशा डोंगरांत हिमनदी कशी? (एक वाचक, कार्डिफ)

उंचीचं फार मनावर घेऊ नका. हिवाळ्यात पडलेलं हिम उन्हाळ्यात पुरतं वितळतं की उरतं, यावर सगळं ठरतं. उरत गेलं तर खालचे थर दाबले जाऊन त्यांचा बर्फ होतो आणि तो स्वतःच्या वजनाने उतारावरून सरकू लागतो. वेल्स ५३ अंश उत्तरेला आहे आणि शेजारच्या अटलांटिकमुळे हिमाला लागणारी आर्द्रता भरपूर. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी त्याचा बहुतेक भाग बर्फाखाली होता. नंतर हवा उबदार झाली, पण १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी थंडी परतली आणि सावलीतल्या कोनाड्यांमध्ये छोट्या हिमनद्या पुन्हा तयार झाल्या. ईशान्येकडे तोंड असलेल्या कोनाड्यांना ऊन कमी लागतं, शिवाय वारा माथ्यावरचं हिम तिकडे लोटतो.

उत्तर वेल्समधला असाच एक कोनाडा, कूम इडवाल, पाहिला नसेल तर जरूर जा. १८३१ मध्ये तरुण चार्ल्स डार्विन आणि भूवैज्ञानिक ॲडम सेजविक तिथे जीवाश्म शोधत भटकले. हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे ढीग), ओरखडे, वाहून आलेले धोंडे, सगळं समोर होतं, तरी दोघांनाही हिमनदीची शंका आली नाही. पुढे स्विस शास्त्रज्ञ लुई आगासी यांनी हिमयुगाची कल्पना मांडली. १८४२ मध्ये डार्विन वेल्सला परतला आणि याच खुणांवर त्याने लेख लिहिला. हा किस्सा मी विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या शिक्षकांनाच जास्त ऐकवतो.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पुस्तकातल्या हिमगव्हरासारखाच, म्हणजे हिमनदीने डोंगरात कोरलेल्या कोनाड्यासारखाच, अर्धगोल आहे. मग सह्याद्रीतही हिमनदी होती का? (एक ट्रेकर, नाशिक)

नव्हती. साधा हिशेब करा. उष्ण कटिबंधात आज हिमरेषा (जिच्या वर हिम वर्षभर टिकतं ती उंची) साधारण पाच हजार मीटरच्या आसपास असते. हिमयुगात ती हजारेक मीटर खाली आली असं धरलं, तरी चार हजार मीटर उरतात. कळसूबाई त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

आकार मात्र खरोखर फसवा आहे. खऱ्या हिमगव्हराचा तळ बर्फाने खरवडून खोलगट होतो, पुढे खडकाचा उंबरठा राहतो आणि बर्फ गेल्यावर तिथे बहुधा तळं साचतं. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये १४९३ मीटरच्या फेल्डबर्गखाली फेल्डसे हे असंच तळं आहे. कोकणकड्याच्या पायथ्याला ना तसा खोलगट तळ, ना उंबरठा, ना हिमोढ. उतार थेट कोकणात उतरतो. बेसॉल्टच्या उभ्या भेगांमधून पाणी शिरतं, दरडी कोसळतात आणि कडा मागे सरकत जातो.

प्रश्न : खडकावरचे ओरखडे हिमनदीचेच, हे कसं ओळखायचं? (भूशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

नुसत्या ओरखड्यांवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. प्रस्तरभंगावर, म्हणजे खडक तुटून सरकतो त्या भेगेवर, खडकाला खडक घासूनही रेषा पडतात, दरडीनेही पडतात. प्रस्तरभंगाच्या रेषा भेगेच्या प्रतलावर असतात आणि खडकात आत जाणाऱ्या त्या प्रतलावर पुढेही सापडतात. हिमनदीच्या रेषा भूपृष्ठावरच्या उंचवट्यांवरून जातात आणि खडक चकाकेपर्यंत घासलेला असतो. मेषशिला (बर्फाने घासलेला खडकाचा उंचवटा) दिसली तर काम सोपं होतं : बर्फ आला त्या बाजूला गुळगुळीत उतार, गेला त्या बाजूला खडक उपटलेला.

मग गाळ पाहा. नदी दगड-वाळू वेगवेगळी करते, हिमनदी पिठासारख्या चिकणमातीपासून खोलीएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकत्र टाकते. अर्थात दरडीचा गाळही असाच मिसळलेला असतो. म्हणून त्यातले गोटे हातात घ्या : घासून सपाट झालेल्या बाजू, त्यांवर ओरखडे आणि आसपास कुठेच न सापडणारा खडक. हे सारं एकाच दरीत, एकाच दिशेकडे बोट दाखवत असेल तरच ‘हिमनदी’ म्हणा.

प्रश्न : हिमनदीचा काळ कसा ठरवतात?

उघड्या धोंड्यातल्या क्वार्ट्झमध्ये (गारगोटीच्या खनिजात) वैश्विक किरणांमुळे बेरिलियम-१० हा किरणोत्सारी अणू साचत जातो. तो मोजला की धोंडा किती वर्षं उघड्यावर आहे, म्हणजे त्यावरचा बर्फ कधी हटला, ते कळतं.

प्रश्न : आमच्या चंद्रपूरजवळ हिमनदीच्या खुणा आहेत म्हणतात. वर तुम्ही तर महाराष्ट्रात हिमनदी नव्हती म्हणता! (एक शिक्षक, चंद्रपूर)

मी सह्याद्रीबद्दल बोललो. तुमच्याकडे पैनगंगेकाठी इरईला ओरखडे पडलेला, घासलेला चुनखडक आहे आणि त्यावर तालचेर या खडकगटाचा धोंड्यांचा थर. १८५६ मध्ये ओडिशाच्या तालचेरमध्ये भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी असा थर बर्फाचं काम असावा असं सुचवलं. एवढ्या उष्ण प्रदेशात बर्फ म्हटल्यावर शंका घेतल्या जाणारच. १८७० च्या दशकात भूवैज्ञानिक फेडन यांनी इरईचा खडक नोंदवला आणि पारडं बर्फाच्या बाजूने झुकलं.

पण हा हिमकाळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत गोंडवना या प्राचीन महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ. तशाच खुणा दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही आहेत. कोकणकड्याचा बेसॉल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. इरईला बर्फ होता तेव्हा सह्याद्रीचा खडकच तयार झाला नव्हता.

विद्यार्थ्यांना घेऊन गेलात तर हातोडी शाळेतच ठेवा.