ऑडिशनसाठी उतारा कोणता घ्यावा?

प्रश्न (अमळनेर): माझं वय २०. नाट्यशिक्षणाच्या प्रवेशासाठी दोन मिनिटांचं स्वगत मागितलं आहे. ‘नटसम्राट’मधलं ‘जगावं की मरावं’ शाळेपासून पाठ आहे, बक्षीसही मिळालं होतं. तेच करू का?

उत्तर: नको. अप्पासाहेब बेलवलकर हा आयुष्य रंगभूमीवर काढून थकलेला म्हातारा आहे. विसाव्या वर्षी तो करायला गेलात की आवाज जाड होतो, पाठ वाकते, हात थरथरतात आणि परीक्षकांना तुम्ही दिसतच नाही. शिवाय नाटक १९७० पासून लोकांच्या कानात आहे. तुम्ही पहिला शब्द उच्चारायच्या आत तुलना सुरू होते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पात्र स्वतःशीच बोलत असतं तेव्हा नवखा नट वर छताकडे बघून शब्दांची चाल लावतो. म्हणून ‘स्वगत’ मागितलं असलं तरी, नियमात तशी मनाई नसेल तर, ज्यात समोर कुणीतरी उभं आहे असा उतारा शोधा. पात्राचं वय तुमच्या वयापासून पाच-सहा वर्षांच्या आत असावं. त्याला समोरच्याकडून काहीतरी हवं असावं (पैसे, माफी, परवानगी, एखादं खरं उत्तर) आणि ते सहज मिळत नसावं. मिळत नाही म्हणूनच तो मागण्याची तऱ्हा बदलतो, आणि तो बदल हाच तुमचा अभिनय.

उतारा हातात आला की प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने एक क्रियापद लिहा: विनवतो, टोचतो, घाबरवतो, गोंजारतो, माघार घेतो. सलग पाच वाक्यांसमोर एकच क्रियापद आलं तर तिथे कात्री लावा. सगळीकडे ‘सांगतो’ येत असेल तर तो उतारा नाही, निवेदन आहे, सोडून द्या. फोनवरचं बोलणंही टाळा, निम्मा वेळ ऐकण्याच्या नाटकात जातो. पहिल्याच वाक्याला रडू आहे असे प्रवेश घेऊ नका. रडण्याच्या पुढे जायला जागा उरत नाही.

असे उतारे ‘निवडक स्वगतं’ छापाच्या संग्रहात फारसे सापडत नाहीत. वाचनालयातून अख्ख्या संहिता आणा आणि दुसऱ्या अंकातले दोन माणसांचे प्रवेश बघा. समोरच्याचे ‘हं’, ‘मग?’ काढून एकाची वाक्यं जोडली की उतारा तयार होतो. फक्त गाळलेलं वाक्य ‘काय म्हणालास? मी खोटं बोलतोय?’ असं स्वतःच्या तोंडी घालू नका, ते हमखास खोटं वाटतं. तिथे क्षणभर थांबून ते ऐका, ऐकलेलं चेहऱ्यावर येऊ द्या. नाटक मात्र पूर्ण वाचा. ‘या आधी काय घडलं?’ असा प्रश्न तोंडी परीक्षेत येऊ शकतो.

दोन मिनिटांची मर्यादा असेल तर पावणेदोन मिनिटांत संपवा. म्हणजे साधारण १७० ते १९० शब्द. वेळ मोजायची ती उभं राहून, हालचालींसकट. बसून वाचताना दीड मिनिटात बसणारा उतारा उभ्याने सहज वाढतो. महत्त्वाचं वळण पहिल्या मिनिटाच्या आत आणा. मध्येच ‘थँक यू’ म्हणून थांबवलं तरी तोवर ते दिसलेलं असेल.

प्रश्न (शिरपूर): आमच्या घरी अहिराणी बोलतात. प्रमाण भाषेतला उतारा करताना ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. त्यापेक्षा अहिराणीतच करू का?

उत्तर: दोन्ही करा, पण वेगवेगळे. बोली हा दोष नाही. पात्र पुण्यातला वकील असेल आणि रागाच्या भरात ‘पानी’ आलं तर ऐकणाऱ्याचं लक्ष पात्रावरून उडतं, इतकंच. अहिराणीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘य’ होतो: पाणी-पानी, डोळा-डोया, काळा-काया. म्हणून उताऱ्यातल्या प्रत्येक ‘ण’ आणि ‘ळ’भोवती गोल करा. ‘न’ला जीभ दातांमागे टेकते, ‘ण’ला टोक मागे वळून टाळूला लागतं, ‘ळ’ला तिथूनच पुढे झटकलं जातं. आधी सुटा शब्द, मग वाक्य, मग हालचाल आणि रागासकट पूर्ण प्रवेश, कारण घसरण भावनेच्या वेगातच होते. उलटी चूकही सांभाळा: धास्तीपोटी ‘मनात’चं ‘मणात’ आणि ‘जीवन’चं ‘जीवण’ झालं तर ते ‘पानी’पेक्षा जास्त खटकतं.

दोन उतारे मागितले असतील तर दुसरा अहिराणीत जरूर घ्या. त्यात तुमचा श्वास मोकळा असतो, आणि तो ऐकण्यासारखा असतो. आधी एका प्रमाण वाक्यात प्रसंग सांगा. ज्याची गंमत फक्त शब्दांत आहे असा विनोद नको; ‘माले जाऊ दे’ कुणालाही कळतं, अशी सरळ गरज असलेला प्रवेश घ्या. प्रमाण मराठीतला उतारा शब्दाला शब्द ठेवून फिरवू नका, वाक्याची ठेवण पुस्तकीच राहते. प्रसंग घरातल्या आजीला सांगा, ती कसं बोलेल ते ऐकून लिहा.

प्रश्न (शहादा): ऑडिशन मोबाइलवर शूट करून पाठवायची आहे. काय सांभाळू?

उत्तर: मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीला, टेकवून पक्का. छातीपासून वरचा भाग दिसावा. खिडकी तोंडासमोर हवी, पाठीमागे असेल तर चेहरा काळवंडतो. पंखा आणि कूलर बंद ठेवावे लागतात, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका. समोरच्या पात्राच्या जागी कुणालातरी लेन्सला अगदी लागून उभं करा. हातभर लांब उभं केलं तर नजर भरकटलेली दिसते. व्हॉट्सअॅपवर पाठवताना व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर दर्जा घसरतो. पाच-सहा टेकनंतर शब्द चोख येतात पण समोरच्याचं ऐकणं बंद होतं. तिथे थांबा, आणि पाठवायचा टेक पहिल्या तीनांतून निवडा.