लहान तलावात मासे किती आहेत हे कसं ओळखायचं, आणि गळाला मोठा मासा का लागत नाही?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दोन-अडीच एकरांचा गोड्या पाण्याचा तलाव, एका कडेला पाणकणीस, उन्हाळ्यात पाणी गर्द हिरवं होतं. गळ टाकला की तासाभरात वीस-पंचवीस चिलापी लागतात, पण सगळ्या तळहाताएवढ्या. पूर्वी तिथे मरळ आणि मोठे कटले मिळायचे, गेल्या दोन वर्षांत एकही नाही. मासे संपत आलेत का आणि बाहेरून बीज, म्हणजे माशांची पिल्लं, आणून सोडावं का, हे तुमचे दोन प्रश्न.

तलावात मासे कमी झालेले नाहीत. ते नको इतके वाढलेत. बीज सोडायची घाई करू नका.

हे पटायला जरा जड जातं, कारण मोठा मासा दिसत नाही म्हणजे मासाच नाही असं आपण धरून चालतो. मलाही हे कळायला बरीच वर्षं लागली. गाय किंवा कुत्रा ठरावीक मापापर्यंत वाढतो आणि थांबतो. माशाचं तसं नसतं, खायला मिळेल तसा तो वाढत राहतो आणि मिळालं नाही तर महिनोन्‌महिने आहे तेवढाच राहतो. म्हणजे तलाव ठरावीक वजनाचे मासे पोसतो; ते वजन दोनशे मोठ्या माशांचं असेल की पाच हजार चिंगुळ्यांचं, याच्याशी पाण्याला काही देणंघेणं नाही. तुमच्याकडे दुसरा प्रकार झालाय.

त्यात चिलापी या बाबतीत बदनामच. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगतात भरपूर. ऊबदार पाण्यात वर्षातून अनेकदा वीण होते. आणि दाटी झाली की ती मोठी होण्याची वाट न बघता, बोटाएवढी असतानाच अंड्यांवर येते. खाल्लेलं सगळं वाढीऐवजी पिल्लांत जातं. पाणी उतरलं की उथळ कडेच्या चिखलात बशीसारखे गोल खळगे दिसतात का बघा. ती नरांनी खणलेली घरटी असतात. एकाला लागून एक अशी रांगच दिसली, तर मी म्हणतोय त्याला दुसरा पुरावा लागणार नाही.

तरी खात्री करून घ्यायची असेल तर एक सोपी तपासणी आहे. मासा सेंटिमीटरमध्ये मोजा, ग्रॅममध्ये वजन करा. वजनाला शंभराने गुणा आणि लांबीच्या घनाने भागा. २५ सेंटिमीटरचा मासा २२० ग्रॅम भरला, तर २२,००० भागिले १५,६२५, म्हणजे साधारण १.४. हा आकडा नुसता बघून काही कळत नाही आणि दोन वेगळ्या जातींत तो ताडूनही बघायचा नसतो, कारण वामीसारख्या लांबुडक्या माशाचा तो कायम कमीच येणार. पण एकाच जातीचे वीस-तीस मासे मोजले आणि दोन ऋतूंनी पुन्हा मोजले, की तलाव सुधारतोय की बिघडतोय हे कळतं. काट्याविनाही अंदाज येतो: डोकं मोठं, अंग बारीक, पोट आत गेलेलं, डोळे शरीराच्या मानाने मोठे, असा मासा म्हणजे वयाने मोठा पण अंगाने खुरटलेला. खवला भिंगाखाली धरला तर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. कडेची वलयं एकमेकांना चिकटलेली असली की वाढ थांबलीय. जिथे थंडीत वाढ खरोखर खुंटते तिथे त्यावरून वयही मोजता येतं. बारा महिने ऊबदार पाणी असेल तर वलयं पुसट येतात, तिथे फार भरवसा ठेवू नका.

आता एकूण मासे किती, हा भाग. मोजता येतात, सगळे न पकडताही. डॅनिश शास्त्रज्ञ सी. जी. जे. पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी समुद्रातल्या चपट्या माशांना खुणा करून सोडलं, त्यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. आहे निव्वळ त्रैराशिक. समजा पहिल्या दिवशी जाळ्याने ६० मासे धरले, खूण करून सोडले. आठवड्याने पुन्हा ५० धरले, त्यात खुणेचे ६ निघाले. म्हणजे दर पन्नासात सहा, तर साठ खुणेचे मासे साधारण पाचशेत असणार. आकडे एवढे लहान असताना हा हिशेब थोडा फुगतो, म्हणून जाणकार दुरुस्ती करतात: तिन्ही आकड्यांत एक मिळवायचा, आधीसारखाच गुणाकार-भागाकार करायचा आणि शेवटी एक वजा करायचा. मग उत्तर ४४३ येतं. (फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी फ्रान्सच्या लोकसंख्येचा अंदाज याच तऱ्हेने बांधला होता, माशांच्या कितीतरी आधी.)

मात्र ही मोजणी गळाने करू नका. एकदा गळ टोचलेला मासा शहाणा होतो, दुसऱ्या खेपेला तो आमिषाकडे फिरकत नाही. खुणेचे मासे कमी सापडतात आणि तलावात आहेत त्याहून कितीतरी जास्त मासे असल्याचा भास होतो. शिवाय मधल्या काळात पाणी वाहून जाता कामा नये, मासे बाहेरून येता कामा नयेत. खूण करायला माशाच्या पराचं (पोहायच्या पंखाचं) टोक कापावं लागतं, ते शिकलेल्या माणसाकडून आणि तलावाच्या मालकाची किंवा मासेमारीचा हक्क ज्याच्याकडे असेल त्याची परवानगी घेऊनच. फिश फाइंडरचं, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे दाखवणाऱ्या यंत्राचं विचाराल तर त्यावर मासा आहे एवढं दिसतं, कोणता ते नाही. तळाला टेकलेला तर दिसतच नाही.

खरं सांगायचं तर तुम्हाला एकूण संख्येची गरजच नाही. वही ठेवा. दर खेपेला किती तास गळ टाकला, किती काठ्या होत्या, कोणता मासा, किती लांब, आणि पाण्याचा रंग, एवढंच. तासाला किती मासे हा भागाकार वर्षभर लिहिलात तर एखाद्या सर्वेक्षणाइतका उपयोगी पडतो. एक मात्र पाळा: रिकाम्या हाताने परत आलात तेही लिहा. माझ्या पहिल्या वहीत फक्त मासे मिळाले तेच दिवस होते, त्यामुळे त्या वहीवरून तलाव फार भरभराटीचा वाटायचा.

मोठे गेले कुठे? याची दोन कारणं संभवतात आणि तुमच्याकडे बहुधा दोन्ही असावीत.

पहिलं आपणच. मरळ लागली की घरी, बोटभर चिलापी लागली की "जाऊ दे, लहान आहे" म्हणून पाण्यात. दयेपोटी करतो, पण नेमकं उलटं होतं. खाण्याच्या साखळीत प्रत्येक पायरीला ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे जातो: शंभर किलो पाणकिडे आणि तरंगते जीव खाऊन दहा किलो लहान मासे, ते खाऊन एक किलो शिकारी मासा. म्हणून शिकारी मासे मुळातच मोजके असतात आणि पाच-सहा जणांनी दोन मोसम मन लावून गळ टाकला तर संपूही शकतात. मग पिल्लांवर चाप राहत नाही. अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न इथे मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर कितीतरी तळी उपसून आतले मासे अक्षरशः तोलले. चांगलं चाललेल्या तळ्यांत भक्ष्य माशांचं वजन शिकारी माशांच्या तिपटीपासून सहापटीपर्यंत सापडलं. त्यांच्याकडचे मासे वेगळे, बास आणि ब्लूगिल, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलू नका. पण शिकारी किती भरीव प्रमाणात लागतो ते त्यावरून ध्यानात येतं.

दुसरं कारण पाण्याचा रंग. गर्द हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री तेच घेतं, त्यामुळे उजाडण्याआधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्यात गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो: १० अंशांना लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. ५ च्या खाली बरेच मासे अवघडतात. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं की पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. अशा वेळी आधी मरतात ते मोठे, लहान मासे पृष्ठालगतच्या पातळ थरावर तग धरतात. पाण्यात विष गेलं असेल तर बहुतेकदा उलट होतं, आधी लहान मरतात. मेलेले मासे कधी दिसले तर कोणत्या मापाचे होते ते आठवून बघा, अर्धा तपास तिथेच होईल. कटला यात टिकत नाही. चिलापी चिवट, आणि मरळ थेट हवेतून श्वास घेते. म्हणून तुमची मरळ गेली असेल तर तिचा संशय मी पाण्यावर घेणार नाही, गळांवरच घेईन.

पाणी तपासायला सेकी तबकडी करा. अँजेलो सेकी या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये समुद्राचा नितळपणा तबकडी बुडवून मोजला होता. २० सेंटिमीटरची गोल तबकडी, काळे-पांढरे चार भाग, खाली वजन, वर खुणा केलेली दोरी. दिसेनाशी होते ती खोली लिहा. हिरव्या पाण्यात ३० ते ६० सेंटिमीटर असेल तर ठीक, वीसच्या खाली गेली तर पहाटे जाऊन बघत जा. पाणी हिरवं नसून मातकट असेल तर हिशेब वेगळा. तळ उकरणारे कॉमन कार्प फार झाले की असं होतं.

आता बीज. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. तेव्हा तुमच्या तलावातले ते मोठे कटले कुणीतरी कधीतरी सोडलेलेच होते आणि पुन्हा हवे असतील तर सोडावेच लागतील. फक्त आत्ता नाही. आज बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली तर ती त्याच अपुऱ्या खाण्यावर चिलापीशी झगडेल. आधी चिलापी काढा. एकदोन बादल्यांनी काही होत नाही, उरलेल्यांना खाणं वाढतं आणि महिन्याभरात जागा भरून निघते. जाळ्याने, सतत, दोन मोसम तरी. तळहाताएवढी चिलापी काढणं तर तुमच्याच हातात आहे, कारण उंच अंग आणि पाठीवरच्या काट्यांमुळे ती बऱ्याच शिकारी माशांच्या तोंडात मावत नाही. ते पिल्लांचाच बंदोबस्त करतात. तलावाला दरवाजा असेल तर कोरड्या दिवसांत पाणी थोडं उतरवा. गवतात लपलेली पिल्लं उघड्यावर येतात आणि शिकाऱ्यांचं काम सोपं होतं.

त्यानंतर त्या भागातलीच, तिथे मुळात असलेली शिकारी जात सोडा, नियमात बसत असेल तर. बाहेरची नको. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च हा बाहेरचा शिकारी मासा सोडला, १९८० च्या दशकात तो बेसुमार वाढला आणि तिथल्याच सिक्लिड माशांच्या शेकडो जाती गेल्या असं मानलं जातं. एवढं मोठं सरोवर सावरलं नाही. कटला-रोहूसारख्या कार्पची बोटुकली सगळ्यात शेवटी, आणि तीही वीतभर वाढलेली. इवलीशी सोडली तर शिकाऱ्यांना पोसल्यासारखं होईल.

तोवर गळ बंद ठेवायचं कारण नाही. तळहाताएवढी चिलापी परत सोडू नका, मोठा मासा लागला तर मात्र सोडा. हात ओले करून धरा, गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापा, फोटोसाठी पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नका. आणि माशाचं तोंड बघायची सवय लावा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठालगत खातो. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. तुम्ही सगळे गळ तळाला टाकत असाल, तर उरलासुरला कटला तुम्हाला दिसणारच नाही.

मरळ उरलीय का हे बघायला पाणकणसाची कड धरा, सकाळी, वारा नसताना. पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका एकदम वर येऊन पुन्हा खाली जाताना दिसला तर आईबाप त्याच्या खालीच आहेत, राखण करताहेत. त्या दिवसांत ते समोर येईल त्यावर झडप घालतात, सहज लागतील. तिथे गळ टाकू नका. जागा आणि तारीख वहीत लिहून ठेवा.