तेलावर जगणाऱ्या देशाने आपलं चलन स्वस्त करावं का? नायजेरियाचा हिशेब

तुमचा प्रश्न असा आहे: तेलाचे भाव पडले की तेलावर जगणाऱ्या देशाने चलनाचं अवमूल्यन करावं का, आणि नायजेरियाने २०२३ मध्ये ते केलं ते चुकलं का?

माझं उत्तर: बहुतेक तेल-देशांना आज ना उद्या ते करावंच लागतं, पण पाठ्यपुस्तकात दिलेल्या कारणासाठी नव्हे. नायजेरियाचा निर्णय बरोबर होता. त्याची वेळ आणि क्रम मात्र बऱ्यापैकी चुकला.

पाठ्यपुस्तकातलं कारण आपल्याला १९९१ मुळे पाठ आहे. त्या जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपया दोन टप्प्यांत मिळून साधारण १८-१९ टक्के उतरवला. आपला माल परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त पडेल आणि निर्यात वाढेल, हा त्यामागचा एक मोठा तर्क होता. कच्च्या तेलाला हा तर्क लागू होत नाही. त्याचा भाव डॉलरमध्ये आणि देशाबाहेर ठरतो. किती काढायचं ते विहिरी, पाइपलाइन आणि ओपेकचा कोटा ठरवतात. डॉलर ४६० नायरांचा (नायरा हे नायजेरियाचं चलन) असो की १,५०० चा, तिथल्या बॉनी या तेल-बंदरावर लागलेला टँकर पिंपामागे तेवढेच डॉलर देतो आणि एक पिंपही जास्त उचलत नाही.

मग अवमूल्यनाने होतं काय? पहिला परिणाम सरकारी तिजोरीवर. पिंप ८० डॉलरचं धरा. ४६० च्या दराने त्याचे ३६,८०० नायरा होतात, १,५०० च्या दराने १,२०,०००. सरकारचे पगार, पेन्शन, ठेकेदारांची बिलं सगळी नायरात. राजधानी अबुजामध्ये दर महिन्याला केंद्र, ३६ राज्यं आणि स्थानिक संस्था यांच्यात महसुलाची वाटणी होते. २०२३ नंतर त्या वाटणीचे आकडे फुगले ते मुख्यतः यामुळे आणि पेट्रोलचं अनुदान कमी झाल्यामुळे. हा पैसा आकाशातून पडलेला नाही. पाव, औषधं, मोटरसायकलचे सुटे भाग घेणाऱ्याने तो वाढीव किमतीतून भरला. म्हणून तेल-देशातलं अवमूल्यन मी निर्यातीचं धोरण न मानता संसदेत न मांडलेला कर मानतो. कर म्हणून तो योग्य आहे की नाही, एवढंच मग तपासायचं उरतं.

दुसरा परिणाम डॉलरच्या वाटपावर. डॉलर कमी पडले की ते दोनच प्रकारे वाटता येतात: किमतीने किंवा परवान्याने. नायजेरियाने आठ-नऊ वर्षं परवान्याचा मार्ग धरला. जून २०१५ मध्ये मध्यवर्ती बँकेने ४१ प्रकारच्या वस्तूंना अधिकृत बाजारातून डॉलर बंद केले. त्या यादीत तांदूळ होता, सिमेंट होतं, दात कोरायच्या काड्यासुद्धा होत्या. आयात थांबली नाही, ती समांतर (म्हणजे काळ्या) बाजाराकडे वळली. २०२३ च्या मध्याला अधिकृत दर ४७१ च्या आसपास होता आणि रस्त्यावर डॉलर ७५० च्या घरात. ४६० ने दहा लाख डॉलर मंजूर करून घेतले आणि ७५० ने विकले, तर काहीही न बनवता २९ कोटी नायरा सुटतात. अशा देशात कारखाना काढण्यापेक्षा मध्यवर्ती बँकेतली ओळख जास्त कमावते. व्हेनेझुएलाने हाच खेळ टोकाला नेला. तिथे ६.३० बोलिव्हारचा कागदी दर चालू होता, तेव्हा रस्त्यावरचा दर शेकड्यांत पोचला होता.

'अवमूल्यनाने महागाई भडकते' हे वाक्यही त्यामुळे अर्धवटच खरं आहे. लागोसच्या बाजारातले मोबाइल, टायर, कापड आधीच समांतर दराने विकले जात होते. अधिकृत दर खाली आला म्हणून ते त्याच प्रमाणात पुन्हा महाग होण्याचं कारण नव्हतं. महाग होतं ते अधिकृत दराने येणारं: पेट्रोल, मोठ्या गिरण्यांचा गहू (नायजेरिया जवळजवळ सगळा गहू आयात करतो), विमानभाडं, परदेशातली फी आणि सीमाशुल्क. या शेवटच्या गोष्टीकडे फार कोणी बघत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथलं सीमाशुल्क खातं शुल्क काढायला धरायचा डॉलरचा दर जवळजवळ रोज बदलत होतं. माल समुद्रात असताना आयातदाराला तो आपल्याला केवढ्याला पडेल ते काढता येईना. शेवटी मध्यवर्ती बँकेने सांगितलं की आयातीचा फॉर्म एम (माल मागवण्याआधी बँकेत भरायचा अर्ज) ज्या दिवशी उघडला त्या दिवसाचा दर धरा. ही सूचना पहिल्याच दिवशी हवी होती.

आता प्रश्नातली एक गोष्ट दुरुस्त करतो. नायजेरियाची ही वेळ भाव पडल्यामुळे आलीच नव्हती. २०२२ मध्ये तेल १०० डॉलरच्या वर गेलं होतं, तरी देशात डॉलर नव्हते. चोरी आणि फुटक्या पाइपलाइनमुळे उत्पादन त्या सप्टेंबरमध्ये दिवसाला १० लाख पिंपांच्याही खाली गेलं. सरकारी रिफायनऱ्या बंद असल्याने पेट्रोल बाहेरून आणावं लागायचं. त्यावरच्या अनुदानाने त्या वर्षी ४ लाख कोटी नायरांहून जास्त खाल्ले. वर सरकारने मध्यवर्ती बँकेकडून 'वेज अँड मीन्स' (तात्पुरती उसनवार) या नावाखाली उचल घेतली होती. कायद्याने मर्यादा होती आधीच्या वर्षाच्या महसुलाच्या ५ टक्के, पण साठलेली रक्कम २२.७ लाख कोटी नायरा झाली आणि मे २०२३ मध्ये तिचं दीर्घ मुदतीच्या कर्जात रूपांतर करावं लागलं. इतके नायरा छापल्यावर ४६० चा दर टिकवायला कोणतीही विहीर पुरली नसती.

२९ मे २०२३ ला नवे राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच पेट्रोल अनुदान संपल्याचं जाहीर केलं. १४ जूनला नायरा मोकळा केला. पहिल्या दिवशी तो ४७१ वरून ६६४ च्या आसपास गेला. नंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये १,५०० च्या पलीकडे. म्हणजे आधीच्या समांतर दराच्याही दुप्पट. नेमकं बिघडलं काय?

सगळ्यात मोठं कारण रिकामी गंगाजळी. कागदावर सुमारे ३३ अब्ज डॉलर होते. पण त्यावर परकी बँकांची कर्जं, अदलाबदलीचे करार आणि वायदे यांचे बोजे होते. नंतर मध्यवर्ती बँकेने स्वतःच जाहीर केलं की २०२३ अखेरीस निव्वळ गंगाजळी ३.९९ अब्ज होती. शिवाय विमान कंपन्या आणि कारखान्यांचे सुमारे ७ अब्ज डॉलर थकलेले. एमिरेट्सने तर पैसे अडकल्यामुळे २०२२ मध्येच उड्डाणं थांबवली होती. दर मोकळा केल्याच्या दिवशी ही सगळी थकलेली मागणी बाजारात आली आणि समोर विकणारा कोणी नव्हता. मोकळा बाजार म्हणायला निदान एक तरी विक्रेता लागतो.

दुसरं, व्याजदर. मे २०२३ मध्ये महागाई २२.४ टक्के होती आणि मध्यवर्ती बँकेचा धोरण दर (मुख्य व्याजदर) १८.५. जुलैमध्ये तो फक्त पाव टक्का वाढवला आणि मग फेब्रुवारी २०२४ पर्यंत हा दर ठरवणाऱ्या समितीची बैठकच झाली नाही. नायरात पैसे ठेवणारा वर्षाला चार टक्के गमावत असेल तर तो डॉलर का विकेल? बँकाही डॉलर धरून बसल्या होत्या. धोरण दर एकदम २२.७५ आणि मार्चमध्ये २४.७५ केला, बँकांच्या डॉलर-साठ्यावर मर्यादा घातली, थकबाकी फेडली, तेव्हा एप्रिलमध्ये नायरा काही काळ १,२०० च्या आत आला. हीच कामं जून २०२३ मध्ये केली असती तर दर १,५०० पर्यंत जायचं कारण नव्हतं, असं माझं मत आहे.

तिसरं, पेट्रोल. जुलै २०२३ मध्ये पंपावर लिटरला ६१७ नायरा झाले आणि मग नायरा पडत असताना तो भाव वर्षभर तसाच धरून ठेवला. समजा बंदरात लिटर ६० सेंटला पडतं. ४६० च्या दराने ते २७६ नायरा, १,५०० च्या दराने ९००. म्हणजे 'संपलेलं' अनुदान मागच्या दाराने परत आलं आणि अवमूल्यनातून मिळालेला महसूल त्यातच जिरला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये भाव हजाराच्या आसपास न्यावा लागला.

याची किंमत कोणी मोजली ते पाहा. जून २०२४ ला महागाई ३४.१९ टक्के, अन्नधान्याची ४० च्या वर. किमान वेतन जुलैमध्ये ३०,००० वरून ७०,००० केलं. पण जुने ३०,००० म्हणजे ६५ डॉलर होते, नवे ७०,००० म्हणजे ४७. दीड कोटी कुटुंबांना तीन महिने दरमहा २५,००० नायरा द्यायची घोषणा झाली होती. गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे ती योजना जानेवारी २०२४ मध्येच थांबवली. डॉलरमध्ये देणी असलेल्या कंपन्याही घायाळ झाल्या: मोबाइल सेवा देणाऱ्या एमटीएन नायजेरियाला २०२३ या एका वर्षात विनिमय दरापायी सुमारे ७४० अब्ज नायरांचा फटका बसला. झळ पुण्यापर्यंतही आली. नायजेरियात भाड्याने चालणाऱ्या 'ओकाडा' मोटरसायकलींत बजाजची बॉक्सर फार चालते, आणि नायरा कोसळल्यावर बजाज ऑटोची तिथली विक्री आटली.

मग क्रम कसा हवा? मी असा लावेन. आधी निव्वळ गंगाजळी मोजा, ढोबळ आकडा विसरा. बँकांच्या वहीत किती कर्जं डॉलरमध्ये आहेत आणि ती घेणाऱ्यांची कमाई कशात आहे ते तपासा. अझरबैजानने हे नीट न पाहता फेब्रुवारी २०१५ मध्ये आपलं चलन 'मनात' डॉलरला ०.७८ वरून १.०५ वर नेलं आणि डिसेंबरमध्ये पुन्हा १.५५ वर सोडलं. डॉलरमध्ये कर्ज काढलेल्या पण 'मनात'मध्ये पगार घेणाऱ्यांचे हप्ते दुप्पट झाले आणि देशातली सगळ्यात मोठी बँक २०१७ मध्ये कर्जफेडीत अडकली. त्यानंतर नोटा छापणं थांबवा आणि गरिबांच्या खात्यात पैसे *आधी* पोचवा. व्याजदर वाढ आणि इंधनाचा भाव त्याच दिवशी. थकबाकीचं लेखी वेळापत्रकही त्याच दिवशी. आणि उतरवायचं तर एकदाच, समांतर दराच्या थोडं पलीकडे. नायजेरियाने २०१४ ते २०२२ मध्ये १५५, १६८, १९७, ३०५, ३६०, ४१० असे पायऱ्या-पायऱ्यांनी दर उतरवले. प्रत्येक पायरीने लोकांना एकच शिकवलं: डॉलर धरून ठेवा, पुढची पायरी येतेच आहे.

रशियाचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. १० नोव्हेंबर २०१४ ला रूबल मोकळा, १६ डिसेंबरच्या मध्यरात्री धोरण दर १०.५ वरून थेट १७ टक्के. महागाई मार्च २०१५ ला १७ टक्क्यांच्या जवळ गेली, पण तेलाचा डॉलर-भाव निम्मा होऊनही रूबलमधला महसूल बराचसा टिकला, कारण तिथे तेल-कराच्या सूत्रातच विनिमय दर आहे. धान्य देशातच पिकत होतं, हेही विसरू नका. शेजारचा कझाकस्तान मग अडकला. रूबल पडल्यावर लोक सीमेपलीकडे जाऊन मोटारी आणू लागले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तिथलं चलन टेंगेही मोकळं सोडावं लागलं, एका दिवसात डॉलरला १८८ वरून २५० च्या पलीकडे.

अवमूल्यन करू नये असा देश म्हणजे सौदी अरेबिया. रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर आहे. २०१५ मध्ये तूट जीडीपीच्या सुमारे १५ टक्के झाली, जानेवारी २०१६ मध्ये सट्टेबाज रियालवर तुटून पडले, तरी दर हलला नाही. ते जमलं कारण २०१४ मध्ये ७०० अब्ज डॉलरहून जास्त साठा होता (२०१७ पर्यंत तो ५०० च्या खाली आला). तूट भरायला त्यांनी पेट्रोलचे भाव वाढवले, कर्जरोखे काढले, २०१८ मध्ये ५ टक्के व्हॅट लावला आणि २०२० मध्ये तो १५ केला. म्हणजे तोच कर, पण उघडपणे. तिथे खाजगी क्षेत्रातलं बरंचसं काम परदेशी माणसं करतात. रत्नागिरी-रायगडहून गेलेला माणूस घरी किती रुपये पोचतात ते बघतो. रियाल २० टक्के उतरला तर तो पगारवाढ मागेल किंवा परत येईल. त्यामुळे स्थानिक मजुरी स्वस्त होण्याचा जो फायदा इतर देशांना मिळतो, तोही तिथे फारसा मिळणार नाही.

नायजेरियात सध्या नवी आशा लागोसजवळच्या लेक्कीतल्या डांगोटे रिफायनरीची आहे. क्षमता दिवसाला ६.५ लाख पिंप. ऑक्टोबर २०२४ पासून तिला काही कच्चं तेल नायरात विकायला सुरुवात झाली, तेव्हा 'आता डॉलरवरचा ताण संपला' असं बरंच लिहिलं गेलं. हिशेब करा: पेट्रोल आयातीचे डॉलर वाचले हे खरं, पण जे पिंप नायरात विकलं त्याचे डॉलरही आले नाहीत. शिल्लक राहतो तो शुद्धीकरणाचा नफा, जहाजभाडं आणि बाहेर विकलेल्या जास्तीच्या मालाचे पैसे. ही रक्कम दरवर्षीच्या तुटीपुढे केवढी आहे, यावर नायराचा पुढचा दर बराचसा अवलंबून राहील.