अंगणभर पिसं, टोपलीत अंडं नाही

पावसाळ्यात या सदराकडे पत्रं येतात ती कोंबड्यांच्या देवीच्या रोगाची आणि ओल्या खुराड्याची. दसरा झाला, भात कापायला लागलं, की विषय एकच: पिसं. यंदाच्या पत्रांतली काही निवडून इथे उत्तरं देतो.

प्रश्न : पाच गावठी कोंबड्या आहेत, दीड-दोन वर्षांच्या. दसऱ्यापासून दोघींची मान आणि छाती उघडी पडली. सकाळी खुराड्यात मूठमूठ पिसं सापडतात, अंडी बंद आहेत. शेजारच्या काकू म्हणतात उवा झाल्यात, रॉकेल चोळा. चोळू का? (संगमेश्वर)

रॉकेल नको. उघड्या कातडीवर ते भाजतं, शिवाय कोंबडी अंग चोचीने साफ करते तेव्हा पोटातही जातं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे वर्षाचं पिसं टाकणं दिसतं. दिवस लहान होऊ लागला की कोंबडीच्या शरीराला त्याचा इशारा मिळतो. आपल्याकडे जूनअखेर दिवस 13 तासांच्या थोडा वर असतो, डिसेंबरात 11 तासांवर येतो. एवढा फरकही तिला पुरतो. पिसं आधी डोक्या-मानेची जातात, मग छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपटी. तुमच्या दोघी याच क्रमाने चालल्यात. सगळं आटोपायला 8 ते 12 आठवडे लागतात, एखादीला त्याहून जास्त. या काळात तुरा फिका पडून आक्रसतो आणि अंडी थांबतात, कारण एकाच वेळी पिसंही घडवायची आणि अंडीही घालायची हे तिला झेपत नाही.

तरी काकूंची शंका तपासून बघायला हरकत नाही. कोंबडी शांत झाल्यावर रात्री बॅटरी घेऊन जा आणि शेपटीखालची पिसं फुंकर घालून बाजूला करा. पिसांच्या बुडाशी पांढरट दाण्यांचे झुबके चिकटलेले दिसले तर उवा आहेत. मग बसायच्या दांडीच्या फटी बघा: रक्त प्यायलेल्या लाल किडी दिवसा तिथे लपतात आणि रात्री अंगावर चढतात. यातलं काही नसेल आणि उघड्या कातडीतून साळिंदरासारखी टोकं वर येताना दिसत असतील, तर निर्धास्त राहा. ती नवी पिसं आहेत.

किडी सापडल्याच तर कोंबड्या बाहेर काढून फटींत उकळतं पाणी ओता, वाळल्यावर चुना मारा आणि तो पूर्ण सुकल्यावरच त्यांना आत घ्या. कोरडी माती आणि चुलीची थंड राख पडवीच्या कोपऱ्यात ठेवली की त्या स्वतःच अंग घुसळतात. बाजारातली पावडर उघड्या कातडीवर टाकायची तर डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : आमच्या कोंबड्या तांदळाच्या कणीवर वाढलेल्या. पिसं लवकर यावीत म्हणून सुकट घालावी असं ऐकलं. किती घालू? (मालवण)

बरोबर ऐकलंत. पण आधी हिशोब समजून घ्या, म्हणजे अंदाज तुमचा तुम्हाला येईल. पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच. मोठ्या जातीची कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम दाणा खाते. शंभर ग्रॅम कणीत प्रथिन जेमतेम 7-8 ग्रॅम, आणि पिसं भरायच्या दिवसांत तिला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. नुसत्या कणीवर ठेवलेली कोंबडी म्हणूनच महिनोन्‌महिने अर्धी उघडी फिरते.

एका कोंबडीमागे रोज 10 ग्रॅम सुका जवळा (बारीक कोळंबीची सुकट), म्हणजे लहानशी मूठ, पुष्कळ झाला. पिसाला लागणारं मेथिओनिन (प्रथिनाचा एक घटक) कडधान्यांत कमी असतं आणि मासळीत भरपूर, त्यामुळे इथे किनाऱ्यावरच्या माणसाला महागडं टॉनिक शोधायची गरज नाही. अडचण मिठाची. खारवलेल्या बांगड्याची डोकी, काटे तसेच टाकू नका. जास्त मीठ कोंबडीला विषासारखं बाधतं. जवळाही चाखून बघा. खारट लागला तर दोन पाण्यांतून धुऊन, पिळून द्या. वाळूही त्याने निघते. पाण्याचं भांडं कधी रिकामं राहू देऊ नका.

कुळीथ द्यायचा तर शिजवूनच. कच्च्या कुळथातलं प्रथिन तिला नीट पचत नाही. शेंगदाण्याची ढेप चांगली, पण पावसाळाभर पडवीत राहिलेली, बुरशीचा वास येणारी ढेप उकिरड्यावर टाका, कोंबडीपुढे नको. वाळवीचं वारूळ फोडून अंगणात आणायची जुनी रीत तर उत्तमच, फुकटचं प्रथिन! विकतचं खाद्य घेत असाल तर या काळात लेअरऐवजी (अंड्यावरच्या कोंबडीचं) ग्रोवर (वाढत्या कोंबडीचं) घ्या. लेअर खाद्यातलं जास्तीचं कॅल्शियम अंडी न घालणाऱ्या कोंबडीला नको असतं. तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून वेगळ्या करवंटीत ठेवा. जिला हवं ती खाईल.

प्रश्न : पंखाला धरून पकडताना नवं पीस मोडलं आणि भळाभळा रक्त आलं. बाकीच्या तिथेच टोचायला लागल्या. (गुहागर)

उगवत्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असतं. पीस पूर्ण वाढलं की ते आटतं, तोवर नुसता हात लागला तरी दुखतं. स्वच्छ फडक्याने पाचेक मिनिटं दाबून धरा आणि वर हळद किंवा कॉर्नफ्लोअर लावा. तरीही थांबलं नाही तर दवाखाना.

लाल दिसलं की कोंबड्या टोचतातच, त्यात दुष्टपणा नाही. जखमेवर खपली धरेपर्यंत हिला डालग्याखाली वेगळी ठेवा, पण बाकीच्यांच्या नजरेसमोर. नाहीतर परत सोडल्यावर नव्याने मारामारी सुरू होते. आणि पकडायचीच वेळ आली तर रात्री, दोन्ही हातांनी खालून उचला. मुलांना दोन महिने सांगून ठेवा: लाड बंद.

प्रश्न : सात महिन्यांची तलंग (तरुण कोंबडी) आहे, फक्त पाठ उघडी पडली. कोंबडा एक, कोंबड्या तीन. (देवगड)

हे पिसं टाकणं नव्हे. पहिलं मोठं पिसं टाकणं साधारण दीड वर्षाच्या आसपास येतं. हा कोंबड्याचा प्रताप. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हव्यात. त्याला वेगळा बांधा, नाहीतर पाहुण्यांना वाढा.

प्रश्न : आमचं छोटं होम-स्टे आहे. नाताळच्या पर्यटकांना घरची अंडी हवी असतात. खुराड्यात बल्ब लावून अंडी लवकर सुरू करता येतील? (अलिबाग)

येतील, पण पिसं पूर्ण भरलेल्या कोंबडीलाच. अर्ध्या पिसांच्या कोंबडीला उजेड देऊन अंड्यावर आणलं तर पिसं रखडतात आणि अंडीही धड मिळत नाहीत. आधी तुरा बघा. तो पुन्हा लाल आणि भरदार झाला की पहाटे तीनेक तास बल्ब लावा. दिवस आणि बल्ब मिळून 14 तास उजेड पुरे. यंदाच्या नाताळला अंडी विकत घ्या. पुढच्या वर्षीसाठी वसंतात थोडी नवी पिल्लं वाढवा. पहिल्या वर्षीच्या तलंगा सहसा हिवाळ्यात थांबत नाहीत.

प्रश्न : पिसं गळतायत, शिवाय दोन दिवस अंग फुगवून कोपऱ्यात बसते, खात नाही, हिरवट पातळ शिटते. पिसं टाकताना असं होतं का? (खेड)

नाही. पिसं टाकणारी कोंबडी चिडचिडी होते, लपते, अंग चोरते, पण खाते. खाणं सोडलं की तो आजार समजायचा. हिरवी हगवण, तोंड उघडून श्वास, मान वाकडी होणं ही राणीखेतची लक्षणं असू शकतात. त्यावर औषध नाही, लस आहे, आणि ती निरोगी कोंबडीलाच द्यायची असते. आजच हिला वेगळी करा, तिचं भांडं वेगळं ठेवा, हातपाय धुतल्याशिवाय बाकीच्यांत जाऊ नका आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. औषध दिलं गेलंच, तर अंडी-मटण किती दिवस खायचं नाही हेही तिथेच विचारून घ्या.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, आखाडातच पिसं टाकते ती कोंबडी ठेवू नये, वड्यांबरोबर संपवावी. खरं का? (राजापूर)

बरंचसं खरं. लवकर पिसं टाकणारी कोंबडी बहुधा रेंगाळते: पंखाच्या टोकाकडची दहा मोठी पिसं एकेक करून टाकते आणि महिनोन्‌महिने अंडं देत नाही. चांगली अंडी देणारी उशिरा, दिवाळीच्या सुमारास पिसं टाकते, तीही तीन-चार एकदम. दिसते भयंकर, पण लवकर उरकते. पंख उलगडून बघा: शेजारशेजारची कोवळी पिसं एकाच लांबीची असतील तर ती झपाट्यातली.

मात्र सुरी धार लावायच्या आधी दोन गोष्टी सासूबाईंना विचारा. मे महिन्यात विहीर आटली तेव्हा कोंबड्यांचे पाण्यावाचून हाल झाले होते का? आणि ही नुकतीच खुडूक बसून पिल्लं काढून उठली का? दोन्हींमुळे अवेळी पिसं गळतात, त्यात तिचा दोष नाही. तसं असेल तर पायात रंगीत दोरा बांधा, कालनिर्णयावर तारीख लिहा आणि एक वर्ष थांबा. पुढच्या आखाडातही तेच झालं, तर वडे करा.