वेल्ह्याच्या वाटेवर फ्रेंच गाणी

आज्जींच्या आठवणी रेकॉर्ड करायला स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरलीस की कानात फ्रेंच गाणी खुशाल लाव. एदित पियाफ ऐक. घशातून घासत येणारा तिचा 'र' ऐकताना अर्थ कळत नाही, म्हणून आपण आवाजच नीट ऐकतो. श्वास कुठे घेतला, कुठे सूर ओला झाला. आज्जींसमोर बसल्यावर हाच कान उपयोगी पडतो.

घरात शिरलीस की मात्र गाणी बंद, फोन विमान मोडवर. पंखाही विचारून बंद कर. रेकॉर्डर चटईवर थेट नको, खाली चौघडी टॉवेल ठेव, नाहीतर बांगडी आपटली तरी दणका येतो.

'कोणत्या साली?' असं विचारू नकोस. 'पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?' असं विचार. धरणफुटीचा दिवस, 12 जुलै 1961, तुला आपोआप सापडेल. 1972 च्या दुष्काळाचंही तसंच. दुष्काळी कामांवर खायला मिळायची त्या सुकडीचं नाव काढ आणि गप्प बस. आज्जी थांबल्या तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. मला तर वाटतं, खरं बोलणं त्या थांबण्यानंतरच येतं. माझ्या सुरुवातीच्या टेपांत मीच जास्त बोललेय, त्याचं अजून वाईट वाटतं.

आणि जात्यावरची ओवी आठवते का, हे जरूर विचार. मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांच्या 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवी सुरू झाली की मान डोलव, पण 'वा' म्हणू नकोस, टेपवर येतं.

परतीच्या एसटीत आधी नावं, नाती लिहून काढ. मग पियाफ.