जिल्ह्याच्या समितीतल्या तीन खुर्च्या

प्रश्न : काका, आम्ही मासेमारी करणारे. आमचं घर दापोली तालुक्यात, पुळणीपासून शंभर-सव्वाशे मीटरवर आहे. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, आता मातीच्या भिंती तग धरत नाहीत. पाडून त्याच जागी नवं बांधायचं म्हटलं तर ग्रामपंचायतीत सांगतात, "मुंबईहून सीआरझेडवाल्यांची परवानगी आणा." हे सीआरझेडवाले म्हणजे नक्की कोण? त्यांचं ऑफिस रत्नागिरीत आहे का? एक माणूस पंचवीस हजारांत "मुंबईचं काम" करून देतो म्हणतो.
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : ताई, आधी त्या माणसाला नाही म्हणून सांगा. मग शांतपणे पुढचं वाचा.

मी एकतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणीचं काम केलं, त्यातली बरीचशी किनाऱ्यावरच्या गावांत. "सीआरझेडवाले" हा शब्द गावोगावी ऐकला. लोकांना वाटतं, तहसीलदार कचेरीसारखं एखादं ऑफिस असेल, त्याच्या शाखा असतील, साहेब असेल. तसं नाही. सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, किनाऱ्यालगतचा बांधकामावर नियम असलेला पट्टा. आणि "सीआरझेडवाले" म्हणजे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. ही मुळात एक समिती आहे. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा, त्याखाली किनाऱ्याच्या नियमांची पहिली अधिसूचना १९९१ची. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये राज्यांच्या पातळीवर अशी यंत्रणा हवी म्हटलं आणि १९९८मध्ये केंद्राने किनाऱ्याच्या राज्यांसाठी प्राधिकरणं नेमली. म्हणजे नाव महाराष्ट्राचं असलं तरी नेमणुकीचा आदेश दिल्लीतून निघतो, आणि तोही ठरावीक मुदतीचा.

अध्यक्ष राज्याच्या पर्यावरण विभागाचे सचिव. महसूल, नगरविकास, मत्स्यव्यवसाय अशा खात्यांचे अधिकारी आणि किनाऱ्याचा अभ्यास असलेले तज्ज्ञ हे सदस्य. रोजचा कारभार सदस्य सचिवांकडे, म्हणजे त्याच विभागातल्या अधिकाऱ्याकडे. कागद येतात, छाननी होते, बैठकीच्या विषयपत्रिकेवर चढतात, इतिवृत्तात निर्णय उतरतो. विषयपत्रिका आणि इतिवृत्त वेबसाइटवर टाकणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुमच्या मुलाला मोबाइलवर उघडायला सांगा. कुठल्या गावाचं काय ठरलं ते वाचता येतं. पूर्ण प्रस्ताव आल्यावर साठ दिवसांत शिफारस करायची असते. मोठे प्रकल्प कांदळवनात किंवा पाण्यात असतील तर ते पुढे दिल्लीला जातात.

पण तुमचं घर म्हणजे प्रकल्प नव्हे. २०१९च्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलंय : स्वतः राहण्यासाठीचं घर एकूण तीनशे चौरस मीटर बांधकामाच्या आतलं असेल तर मंजुरी बांधकाम परवानगी देणाऱ्या स्थानिक यंत्रणेने द्यायची, मुंबईच्या प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही. मात्र घर किनाऱ्याच्या नियमात बसतं का, हे त्यांनी तपासलं पाहिजे. तेव्हा "मुंबईहून आणा" असं तोंडी सांगितलं की म्हणायचं, "लेखी द्या." अर्ज द्या, पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा.

आता नियमात बसण्याची गोष्ट. दाट वस्तीच्या गावात, म्हणजे २०११च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१च्या वर माणसं असतील तिथे, ना-विकास पट्टा, म्हणजे एरवी नवं बांधकाम न चालणारा पट्टा, पन्नास मीटरचा. नाहीतर दोनशे मीटरचा. तुमचं गाव बहुधा दुसऱ्यात. म्हणजे घर पट्ट्याच्या आत. तरीही आधीपासूनचं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, नव्याने बांधताही येतं. अट एवढीच, की जोतं, बांधकामाचं क्षेत्र आणि घनता आहे त्यापेक्षा वाढता कामा नये. मागे एक पडवी वाढवू, असं मनात असेल तर काढून टाका.

आणि अंतर पुळणीपासून मोजत नाहीत, हे नीट समजून घ्या. ते भरतीरेषेपासून मोजतात. एका गावात मी टेप धरून उभा होतो तेव्हा एक म्हातारे आजोबा मला सुरूच्या झाडांशी घेऊन गेले. काठीने वाळू उकरून त्यांनी वाळलेला शेवाळाचा आणि शिंपल्यांचा पट्टा दाखवला. म्हणाले, "भांगाला पाणी खाली राहतं, उधाणाला इथे येतं." अधिसूचनेतली व्याख्याही तीच : उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथपर्यंत सर्वांत वर चढतं, ती रेषा. नकाशावर ती आखलेली असते. तुमचा सर्व्हे नंबर त्या नकाशावर कुठे येतो, हे घरात बसून अंदाजाने ठरवू नका.

रत्नागिरीत ऑफिस आहे का, हे विचारलंत. ऑफिस नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते. देखरेख आणि अंमलबजावणीत प्राधिकरणाला मदत करणं हे तिचं काम. परवानगी ती देत नाही. पण त्या समितीवर किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजाचे, मच्छीमार धरून, किमान तीन प्रतिनिधी असलेच पाहिजेत. त्या तीन खुर्च्या तुमच्या आहेत ताई. मी किती गावांत विचारलं, "तुमचा माणूस कोण आहे तिथे?" उत्तर क्वचितच मिळालं, आणि याचं मला फार वाईट वाटतं. मच्छीमार सोसायटीच्या सभेत हा प्रश्न उभा करा. नावं कळली नाहीत तर जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. ग्रामपंचायत अडवून धरते आहे, हे त्या तिघांमार्फत समितीपुढे मांडता येईल.

जेटीचं काम मेरीटाइम बोर्डाकडे आणि कांदळवनाचं वनखात्याच्या कक्षाकडे असतं. त्यांच्याकडे या कामासाठी फेरे घालू नका.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. भिंत पाडायच्या आधी, जोत्याचा एकही चिरा हलवायच्या आधी, चारही बाजूंनी तारखेसह फोटो काढा. लांबी-रुंदी मोजून पंचनामा करून घ्या. नमुना ८चा उतारा आणि जुन्या घरपट्टीच्या पावत्या शोधा, १९९१च्या आधीची एखादी मिळाली तर उत्तमच. जोतं एकदा उखडलं, की ते केवढं होतं हे सिद्ध करणं फार अवघड जातं.